तेनुगुई वापरताय? आधी या चुका टाळा

जपानहून कुणी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट असलेला सुती रुमाल आणून देतं. दोन धुण्यांत टोकांना दशा सुटतात आणि आपण म्हणतो, माल खराब निघाला! मीही तेच म्हणून मशीनवर दुमड घातली होती. चुकलंच. हा रुमाल म्हणजे तेनुगुई: साधारण ३५ सेंटिमीटर रुंद, ९० लांब, विणीला पंच्यासारखा साधा. लांबीच्या बाजूंना काठ असतो, टोकं मात्र मुद्दामच कापून तशीच सोडलेली. दुमड नसल्याने पाणी साचत नाही, मळ अडकत नाही, कापड झटपट वाळतं. माझी शिवलेली कड पावसाळाभर ओलसर राहिली, वर कुबट वास. सुटलेला धागा ओढू नका, कात्रीने छाटा. काही धुण्यांनंतर सेंटिमीटरभर दशा होऊन उसवणं आपोआप थांबतं.

होकुसाईची लाट म्हणजे 'वुडब्लॉक', लाकडी ठशांनी छापलेलं चित्र. 'वुडब्लॉक' म्हटलं की आपल्याला कापडावरचे सांगानेरी ठसे आठवतात. इथे सहसा कापडाला ठसा लागतच नाही. लाकडी ठशांनी छापलं ते लाटेचं कागदावरचं मूळ चित्र, सुमारे १८३१चं. तेही आडवं, जेमतेम ३७ सेंटिमीटरचं. लांबट रुमालावर बसवताना लाटेमागच्या बिचाऱ्या फुजी पर्वताची जागा हलते, तो तुमच्या डोळ्यांचा दोष नव्हे.

खरेदी करताना उलटी बाजू बघा. चुसेन या रंगवण्याच्या पद्धतीत साच्यातून रंग अडवणारी खळ लावत कापडाच्या घड्या एकावर एक रचतात, वरून रंग ओततात आणि खालून हवेने ओढून घेतात. म्हणून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, रेषा मात्र जरा मऊ येते. बारीक रेघ हवी तर छापील घ्या, त्याची मागची बाजू फिकी असते. रोजच्या वापराला मी चुसेनच घेईन.

नवा रुमाल रंग सोडतो. सुरुवातीला थंड पाण्यात एकटाच धुवा. भिजत ठेवू नका, ओला चुरगाळून टाकू नका, नाहीतर गडद निळा पांढऱ्यावर उतरतो. ब्लीच नकोच. फॅब्रिक सॉफ्टनरही नको, पाणी टिपणं कमी होतं. गरम पातेल्याला मात्र सांडशीच. हे कापड फार पातळ.

आणि हळद! तिचा डाग उन्हात उडतो खरा, पण त्याच उन्हात लाटेचा निळाही उतरतो. मी हळदीच्या हाताला जुनं फडकंच ठेवते.