सोयाबीन मोंढ्यात नेण्याआधी: हवा, माती आणि डाग

लातूर असो, उदगीर असो की हिंगोली, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोतं उघडलं की खरेदीदार तीन गोष्टी बघतो: हवा, माती, डाग. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. तेलगिरण्यांचा भाव बहुधा 10 टक्के हवा, 2 टक्के माती-काडी आणि 2 टक्के डागी दाणा धरून काढलेला असतो. माल त्यापेक्षा खराब निघाला की कट लागते, म्हणजे वजनात कपात होते. हमीभाव केंद्रावर ओलाव्याची मर्यादा 12 टक्के आहे. 2024 च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती, पण दरवर्षी तसं होईल असं धरून माल नेऊ नका.

गिरणीला यात अडचण काय, हे कळलं की कुठे लक्ष द्यायचं ते आपोआप कळतं. ओल्या दाण्याचे पापुद्रे नीट पडत नाहीत, त्यामुळे तेल पेंडीतच राहतं. शिवाय गोदामात असा माल तापतो. हिरव्या दाण्याने तेलाला हिरवी झाक येते, ती काढायला खर्च लागतो. पावसात भिजून काळपटलेल्या दाण्याच्या तेलात आम्लता वाढते. माती पेंडीत उतरते आणि पेंडीतल्या प्रथिनांचं प्रमाण खाली आणते.

आता हिशोब, कारण नुकसान बहुतेक इथेच होतं. समजा भाव 4500 रुपये आणि हवा 14. कट एकास एक, म्हणजे 10 च्या वरच्या दर टक्क्याला एक किलो असेल, तर क्विंटलमागे 4 किलो म्हणजे 180 रुपये जातात. तोच माल घरी वाळवून 10 वर आणला, तर 100 किलोचे 95.56 किलो भरतात. म्हणजे 4.44 किलो, जवळजवळ 200 रुपयांचं वजन उन्हात उडालं, वर मजुरी वेगळी. एकास एक कट असेल तर निव्वळ कट वाचवायला वाळवण्यात फायदा नाही. पण कट एकास दोन असेल तर 360 रुपये जातात, तेव्हा वाळवलेलंच बरं. म्हणून गाडी भरण्याआधी आडत्याला फोन करून विचारा: "किती हवेला किती कट?" माल ठेवायचा असेल तर मात्र वाळवणं टाळू नका. 8 टक्क्यांपर्यंतही कोरडा करू नका. 10 च्या खाली जादा भाव मिळत नाही, क्विंटलमागे दोन किलोंहून थोडं जास्त वजन तेवढं जातं.

हवा मोजताना पाच-सहा पोत्यांतून, तळातून आणि मधूनही दाणे घ्या. उन्हात तापलेला दाणा लगेच मशीनमध्ये टाकला तर आकडा चुकतो, आधी सावलीत थंड होऊ द्या. मशीन सोयाबीनवर लावलेलं आहे का, तेही बघा. मशीन नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. दहा-पंधरा मिनिटांनी मीठ बाटलीला चिकटलं तर ओलावा 15 च्या वर आहे. न चिकटल्यास 15 च्या आत, पण 12 झाला का, हे यातून कळत नाही.

वाळवताना ताडपत्रीवर दोन इंचांचा थर द्या आणि दर तासाला पालथा घाला. संध्याकाळी गोळा करून झाका, नाहीतर दहिवराने दिवसभराचं ऊन वाया जातं. रस्त्यावर पसरलं की खडे येतात.

माती मात्र मळणीआधीच टाळायची. 95 टक्के शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या की कापा. झाड उपटू नका, मुळाबरोबर ढेकूळ येतं आणि मळणीत त्याचाच चुरा दाण्यात मिसळतो. बनीम (कापलेल्या सोयाबीनचा रचलेला ढीग) ओली लावू नका, आतून तापून दाणा काळा पडतो. तळाशी ताडपत्री घाला, आणि बनमीच्या बुडाचा माल शेवटी, वेगळा मळा. थ्रेशरच्या ड्रमचे फेरे 14 टक्के ओलाव्याला मिनिटाला 400 ते 500, 13 टक्क्यांना 300 ते 400 ठेवा. पहिलं पोतं भरताना 100 दाणे मोजून डाळ किती झाली, म्हणजे किती दाणे फुटले, ते बघा. जास्त दिसली तर फेरे कमी करा. मळणीवाला घाईत असतो, त्याला हे आधीच सांगून ठेवा. बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर ही खबरदारी दुप्पट घ्या, कारण साल तडकलेला दाणा उगवत नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: खळ्यावरचं मातेरं (तळाशी उरलेला मातीमिश्रित माल) चांगल्या पोत्यांत मिसळू नका. पाच पोती डागी माल पन्नास पोत्यांत मिसळला की वाण (नमुना) घेणाऱ्याच्या मुठीत तोच येतो, आणि पंचावन्न पोत्यांचा भाव त्या मुठीवर ठरतो. डागी, हिरवट आणि मातेरं वेगळ्या पोत्यांत भरा, पोत्याच्या तोंडाला रंगीत सुतळी बांधा आणि सौद्याला वेगळे ढीग लावा.