पोरांचे पाय कधी मोडतात आणि मोडल्यावर काय करायचं

आमच्या धाकटीचा पाय घसरगुंडीवर मोडला, एप्रिलमध्ये, आणि ती एकटी नव्हती, माझ्या मांडीवर बसली होती. दोन वर्षांची पोर, म्हटलं एकटी सोडण्यापेक्षा धरून घसरू, तिचा बूट कडेला अडकला, माझं वजन खाली जात राहिलं आणि पाय पिळला. सूज नाही काही नाही, फक्त पाय टेकवेना. पहिल्या एक्सरेत काहीच दिसलं नाही, डॉक्टरांनी तरी प्लास्टर घातलं आणि बारा दिवसांनी परत काढला तेव्हा नडगीच्या हाडात बारीक तिरकी रेघ. याला टॉडलर्स फ्रॅक्चर असं नावच आहे म्हणे, इतकं कॉमन! तर घसरगुंडीवर लहान मूल मांडीत घेऊ नका, छोट्या घसरगुंडीवर एकटं घसरू द्या, तुम्ही बाजूला उभं राहा.

पुण्यात सुट्टी लागली की संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकली, स्केट्स, क्रिकेट सगळं एकदमच, म्हणून एप्रिल-मे जपायचे. पावसाळ्यात खेळ कमी पण जिन्यावर, गच्चीवर शेवाळ, ते ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा. दिवाळीत किल्ल्याचे दगड पायावर पडतात, तेव्हा चप्पल नको, बूट. बाराही महिने डोकेदुखी म्हणजे गाडीच्या किंवा सायकलच्या चाकात गेलेला पाय. टाचेला नुसतं खरचटल्यासारखं दिसतं आणि दोन दिवसांनी तिथली कातडी काळी पडते, त्यामुळे त्याच दिवशी दाखवा.

आता पडलंच तर. सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्याच होत्या, पण चोळायचं नाही, ओढून सरळ करायचं नाही, हाडवैद्य तर नकोच. आहे त्याच स्थितीत पायाखाली उशी किंवा जाड घडी केलेला पेपर ठेवा, दुखऱ्या जागेच्या वर आणि खाली ओढणीने सैल बांधा, बर्फ कापडात गुंडाळून लावा. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं म्हणून रडतंय म्हणून बिस्कीट-दूध देऊ नका (आम्ही नेमकं तेच केलं). मांडी वाकडी दिसली किंवा जखमेतून हाड दिसलं तर उचलून रिक्षात घालू नका, 108 लावा. आणि सूज नसली तरी पाय टेकवत नसेल तर दाखवायचंच.

प्लास्टर घातल्यावर पहिले दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवा आणि बोटं बघत राहा. बोटं निळी-पांढरी, गार, बधिर झाली किंवा औषध देऊनही मूल वाढत्या दुखण्याने किंचाळत असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. खाज सुटते म्हणून आत पट्टी, सुई घालू नका, हेअर ड्रायरची गार हवा सोडा. जूनमध्ये प्लास्टर असेल तर ते भिजणार नाही एवढं बघा, भिजलं तर बदलावंच लागतं.

प्लास्टर निघाल्यावर पोरगी दोन-तीन आठवडे लंगडत होती, ते चालतं. मालिशवाल्या बाईंना मात्र मी दारातूनच परत पाठवलं.