सगळ्याच टी-पेशी सीडी8 कशा?

बेळगावातल्या आमच्या लॅबमध्ये फ्लो सायटोमीटरवर (पेशींना चिकटवलेल्या चमकत्या रंगांवरून त्या ओळखणारं यंत्र) सीडी4 पेशीसुद्धा सीडी8 पॉझिटिव्ह दिसू लागल्या. सीडी4 आणि सीडी8 या पेशींवरच्या खुणा; त्यांवरून टी-पेशींचे, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे, दोन वेगळे गट ओळखतात. दोन दिवस कॉम्पेन्सेशनशी (एका रंगाचा दुसऱ्याच्या चॅनेलमध्ये सांडलेला उजेड वजा करण्याशी) झटापट केली, सगळी वाया. मग फक्त सीडी3ची (ही खूण सगळ्याच टी-पेशींवर असते) पीई-साय7 रंग लावलेली अँटिबॉडी, म्हणजे त्या खुणेला चिकटणारं प्रथिन, घालून एक नळी चालवली. पीईच्या चॅनेलमध्ये, 578 नॅनोमीटरजवळ, भरपूर उजेड! चोर इथेच होता. पीई-साय7 हा पीई आणि साय7 मिळून केलेला जोडरंग आहे. पीईने घेतलेली ऊर्जा साय7ला द्यायची आणि त्याने 780च्या आसपास चमकायचं. प्रकाशाने जोड बिघडला की पीई स्वतःच चमकतो, आणि आमची सीडी8ची अँटिबॉडी नेमकी पीई रंगाची. पावसात वीज गेली की मी खिडकीपाशी नळ्या भरायचो, पीई-साय7 अँटिबॉडीची कुपीही तिथेच उघडी (खोड माझीच म्हणा). नवी कुपी फॉइलमध्ये गुंडाळून 2 ते 8 अंशांत ठेवली, फ्रीझरमध्ये मात्र नाही. दोन्ही गट पुन्हा वेगळे दिसले.