यात्रेत ‘सौभद्र’ बसवताना

‘संगीत सौभद्र’ १८८२ साली पुण्यात रंगमंचावर आलं, पण ते लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. इथल्या कानडी चाली त्यांच्या कानात होत्या आणि त्या त्यांच्या पदांत उतरल्या. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या यात्रेत हे नाटक म्हणूनच अजून चालतं. घरात कानडी बोलणारा प्रेक्षकही चालीला धरून बसतो. मात्र हे विनोदी नाटक आहे, याचा विसर पडला की प्रयोग गाण्याची बैठक होऊन जातो. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, आणि सगळा डाव रचणारा कृष्ण साळसूदपणे बाजूला उभा आहे. यती झालेल्या अर्जुनाला बलराम स्वतःच आदराने घरी आणतो. हे सगळं शब्दांतून कळतं, आणि निम्मे शब्द पदांत आहेत.

सुरुवात संहितेपासून करा. मूळ पाच अंकांत शंभराहून जास्त पदं आहेत. सगळी घेतली तर रात्र उजाडते. यात्रेसाठी मध्यंतरासह तीन तास धरा. पंचवीस पदं सरासरी तीन मिनिटांची म्हणजे सव्वा तास, दहा साक्या-दिंड्या (ठरलेल्या चालीत गोष्ट सांगणारी छोटी पद्यं) मिळून दहा मिनिटं, गद्य ऐंशी मिनिटं, मध्यंतर पंधरा. पदं निवडताना आधी प्रत्येक पद गद्यासारखं मोठ्यानं वाचा. त्यात कोणी काही ठरवतं, लपवतं, कबूल करतं किंवा कुणाला फसवतं, ते पद राहायलाच हवं. नुसत्या वर्णनाची पदं त्यानंतर, गाणाऱ्यांच्या तयारीप्रमाणे.

काटछाट करताना बहुतेक मंडळं साक्या आणि दिंड्या आधी काढतात. हे नुकसानीचं आहे. साकी १६ आणि १२ अशा २८ मात्रांची, दिंडी ९ आणि १० अशा १९ मात्रांची. चाल ठरलेली, ताना नाहीत, मिनिटाच्या आत कथा पुढे सरकते. जे पानभर संवादात सांगावं लागलं असतं ते दोन ओळींत होतं, आणि फारसं गाणं न शिकलेला नटही ती नीट म्हणू शकतो. किर्लोस्करांच्या आधीच्या नाटकांत सूत्रधार सगळ्यांसाठी गायचा. त्यांनी पात्रांच्याच तोंडी गाणं दिलं. म्हणून नटानं पद म्हणताना समोरच्या पात्राकडे पाहावं, निदान मुखडा आणि पहिला अंतरा होईपर्यंत. शब्द एकदा स्वच्छ पोचल्यावर तालाची चार आवर्तनं फिरत, म्हणजे आलाप-ताना, घ्यायला हरकत नाही. त्याहून जास्त झालं की मागे उभा असलेला कृष्ण हात कुठे ठेवावा या विवंचनेत पडतो आणि विनोद सांडतो.

किर्लोस्कर १८८५ साली वारले, त्यामुळे मूळ संहितेवर कुणाचा हक्क उरलेला नाही. अलीकडच्या कुणाची संक्षिप्त रंगावृत्ती किंवा नवी चाल वापरणार असाल तर मात्र लेखी परवानगी घ्या.

तालमीला दहा आठवडे धरा. पहिले चार बसून, फक्त पेटीवर. पुढचे चार उभ्यानं, हालचालीसकट, पण माइकशिवाय: आवाज शेवटच्या माणसापर्यंत न्यायची सवय इथेच लागते. शेवटचे दोन तबला आणि ऑर्गनसह. बेळगावी हेल प्रश्नार्थक वाक्याच्या शेवटी हमखास चढतो. अर्जुन आणि रुक्मिणीच्या तोंडी तो खटकतो, तिथे वाक्याचा शेवट खाली आणायचा सराव करून घ्या. घटोत्कचाच्या तोंडी थोडा राहिला तर गावाला गोड लागतो, आणि तो राहू द्यावा असं आमचं मत.

सर्वात जास्त गडबड स्वरांच्या पट्टीत होते. पुरुष पात्रं साधारण काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातात, सुभद्रा आणि रुक्मिणी काळी चारमध्ये. एकाच प्रवेशात दोघांची पदं लागोपाठ आली की तबलजीला हातोडी हातात घ्यायला वेळ मिळत नाही. उपाय सोपा आहे: तबला काळी चारमध्ये लावा. स्त्रियांना तो षड्जात मिळतो, आणि काळी चार हा काळी एकचा पंचम असल्यामुळे पुरुषांनाही चालतो. पंचम वर्ज्य असलेल्या रागात, म्हणजे मालकंस किंवा मारव्यात, पुरुषाचं पद असेल तर हा तबला बोचतो; त्या एका पदासाठी काळी एकचा दुसरा तबला शेजारी तयार ठेवा. सुभद्रेला काळी पाच सोयीची असेल तर हे गणित मोडतं. मग दोन्ही तबले सुरुवातीपासूनच लागतील.

उघड्या मैदानात रात्री दव पडलं की चामडं सैल होतं आणि तबला उतरतो. ऑर्गनचे स्वर ठाम असतात, जुळवून घ्यावं लागतं ते तबल्यालाच. तबला प्रवेशापुरताच बाहेर ठेवा, एरवी कोरड्या कापडात गुंडाळा, आणि नांदीच्या अर्धा तास आधी मैदानातच लावा. घरी लावून आणलेला उपयोगाचा नाही. वाद्यं रंगमंचासमोर खाली, एक फूट उंचीच्या फळीवर बसवा. नटाला तबलजीचा हात दिसला पाहिजे. सम चुकण्याचं कारण निम्म्या वेळा एवढंच असतं की विंगेतल्या तबलजीला नट दिसत नाही.

रंगमंच २४ फूट रुंद, २० फूट खोल, साडेतीन-चार फूट उंच. पडदे तीन पुरतात: राजवाडा, अरण्य आणि रस्ता. रस्त्याचा पडदा पुढच्या कडेपासून सात फुटांवर टांगा. त्याच्यापुढे दोन पात्रांचा प्रवेश चालू असताना मागे आसनं, समया, मंचक हलवता येतात, आणि दोन प्रवेशांमध्ये अंधार करून बसावं लागत नाही. मैदानात वारा पडद्याला शिडासारखा फुगवतो. पडद्याच्या तळाशी लोखंडी पाइप घाला आणि दोन्ही टोकं दोरीनं खाली बांधा. दोरी ताठ ओढू नका. चार बोटं ढील दिली नाही तर कापड शिवणीत फाटतं. वरच्या झालरीची उंची कृष्णाला मुकुट घालून, मंचकावर उभा करून तपासा.

ड्रेपरीवाल्याकडून कपडे प्रयोगाच्या आदल्या दिवशीच आणा. यतीची दाढी एकसंध लावू नका. मिशी, गाल आणि हनुवटी असे वेगवेगळे तुकडे स्पिरिट गमनं चिकटवा, म्हणजे गाताना तोंड उघडलं तरी ताण येत नाही. आधी त्वचा कोरडी पुसा, त्यावर तेलकट रंग लावू नका. घामानं दाढी सुटण्याचं कारण तेच असतं. अर्जुनाची भगवी वस्त्रं राजवेषावरून चढतील इतकी ढगळ घ्या. घटोत्कच सुभद्रेला उचलणार असेल तर शालूचा पदर आधी कमरेला खोचून पिन लावा, आणि ही उचल तालमीत पूर्ण दागिन्यांनिशी करून पाहा. उचलताना सुभद्रेला विंगेपासून सहा फुटांच्या आतच ठेवा.

माइक जमिनीलगत तीन, खाली फोमचा तुकडा. कर्णे रंगमंचाच्या पुढच्या कडेच्याही पुढे, नाहीतर शिट्टी वाजते. ऑर्गनला वेगळा माइक शक्यतो नको. फारच मोठं मैदान असेल तर द्या, पण गाणाऱ्याच्या खाली ठेवा. दिवे आणि ध्वनी वेगळ्या फेजवर घ्या. डिमरची घरघर नाहीतर माइकमधून ऐकू येते. हेस्कॉम या वीज कंपनीकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज आठवडाभर आधी द्या आणि जनरेटर वारा जिकडे वाहून जातो त्या अंगाला, निदान शंभर फूट लांब ठेवा.

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आहे. वर्षातल्या मोजक्या सणासुदीच्या दिवसांसाठी सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आपल्या यात्रेला ती मिळते का हे पोलीस ठाण्यात आधी विचारा, अर्ज कानडीत लिहून न्या. सूट नसेल तर तिसरी घंटा साडेसहाला. गावातली माणसं जेवून येणार हे धरून नांदी आणि सूत्रधार-नटीचा प्रवेश थोडा सैल ठेवा, म्हणजे उशिरा आलेल्यांची गोष्ट बुडत नाही.

वन्समोअर येणारच. प्रयोगाला तीनच द्यायचे, कोणत्या पदांना ते आधी ठरवायचं, आणि पुन्हा गाताना शेवटचा अंतराच घ्यायचा. ऑर्गनवाल्यानं मुखड्याचे स्वर दिले तर पुन्हा गायचं, तो गप्प राहिला तर नटानं सरळ पुढचं वाक्य घ्यायचं. ही खूण सगळ्यांना, पडदा ओढणाऱ्यालासुद्धा, माहीत हवी.