बंधाऱ्यावरच्या पाण्याचा निरोप: कॉलेज क्लबने इलेक्ट्रॉनिक्स प्रकल्प कसा आखावा, पैसा कसा उभा करावा

कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर पावसाचा जोर वाढला की कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात एकच चौकशी सुरू होते: पूल चालू आहे का? वेदगंगेवरचे अक्कोळ–सिदनाळ आणि जत्राट–भिवशी, दूधगंगेवरचा मलिकवाड–दत्तवाड, कृष्णेवरचा कल्लोळ–येडूर हे सखल बंधारा-पूल जोराच्या पावसाळ्यात पाण्याखाली जातात. मग शाळेची मुलं, दुधाचे कॅन, दवाखान्याला निघालेली माणसं यांना दूरचा वळसा पडतो. पुलापर्यंत जाऊन परत यावं लागलं तर वेळ आणि पेट्रोल दोन्ही जातं, आणि कधी कुणी धोका पत्करून गाडी पाण्यात घालतं.

बेळगाव परिसरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या क्लबसाठी यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही. पाण्याची पातळी मोजायची आणि मोबाईलवर निरोप पाठवायचा. विद्युतदाब कमी असल्यामुळे विजेचा धोका नाही, सुटे भाग सहज मिळतात, आणि सेन्सर, वीजपुरवठा, प्रोग्रॅमिंग, वेल्डिंग असं सगळं एकाच कामात शिकायला मिळतं. पण असे प्रकल्प बहुतेक वेळा प्रदर्शनाच्या टेबलावर संपतात, कारण एक पावसाळा उभं राहण्याचा खर्च त्यांत कुणी धरलेलाच नसतो. म्हणून या लेखात यंत्राइतकाच हिशोबही आहे.

आधी गावात जा

सुटे भाग मागवण्याआधी पुलाच्या दोन्ही बाजूंच्या गावांत जाऊन बोला. दूध संस्थेचे सचिव, वडाप (प्रवासी जीप) चालवणारे, शाळेचे मुख्याध्यापक, ग्रामपंचायत सदस्य यांना विचारा की निरोप कधी हवा आणि कुणाला हवा. ‘पाणी ३ मीटर ४२ सेंटिमीटर’ हा आकडा त्यांच्या कामाचा नसतो. त्यांना तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: पाणी पुलाच्या खाली दोन फुटांवर आलं, पाणी पुलाला टेकलं, पाणी पुलावरून चाललं. हे ऐकून आलात की अर्धं डिझाइन ठरतं आणि देणगीदाराला सांगायची गोष्टही तयार होते.

पूल कुणाच्या ताब्यात आहे, म्हणजे पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम की पंचायत, हेही तिथेच कळतं. परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये, कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने द्या. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा नीट लिहिणारा एक सदस्य क्लबमध्ये लागतोच, तो पहिल्या दिवसापासून संघात घ्या.

वेळापत्रक पावसाळ्यावरून उलटं मोजा

यंत्र मेअखेर पुलापाशी बसलेलं हवं. तिथून मागे या. एप्रिल-मेमध्ये बसवणी, कारण तेव्हा पाणी खाली असतं आणि मोजमापं निर्धास्त घेता येतात. मार्चमध्ये कॉलेजच्या गच्चीवर ऊन-वाऱ्यातली चाचणी. जानेवारी-फेब्रुवारीत पीसीबी (सुटे भाग सोल्डर करायचा छापील सर्किट बोर्ड) आणि पेटी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ब्रेडबोर्डवरचं (सोल्डर न करता जोडणी करून पाहायच्या बोर्डावरचं) पहिलं काम, आणि ते चालताना दिसलं की लगेच निधीची मागणी. सेमिस्टर परीक्षांचे आठवडे आधीच खोडून टाका, त्या काळात कुणी सोल्डरिंग करत नाही. पाऊस सुरू झाल्यावर नदीपात्रात कुणीही उतरायचं नाही, हा नियम लेखी करून सगळ्यांच्या सह्या घ्या.

सुटे भाग निवडताना

क्लबमध्ये बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, सेन्सर येतो. तो टेबलावर शिकायला ठीक आहे, पण पाणी-वाफेला टिकत नाही. पुलासाठी जेएसएन-एसआर०४टी घ्या, त्याचं तोंड जलरोधक असतं. मात्र त्याला साधारण २० ते २५ सेंटिमीटरचा आंधळा पट्टा आहे. पाणी त्याहून जवळ आलं की वाचन (सेन्सरचा आकडा) भलतंच येतं, म्हणजे नेमकं महत्त्वाच्या क्षणी.

तापमानही धरावं लागतं. हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ३५ अंशांना सुमारे ३५२. चार मीटर अंतरावर हा फरक जवळजवळ १० सेंटिमीटरची चूक घडवतो. डीएस१८बी२० हा स्वस्त तापमान सेन्सर सोबत लावला की प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करता येते. एका वाचनावर विश्वास ठेवू नका. सात वाचनं घ्या, ती चढत्या क्रमाने लावा आणि मधलं धरा. वाहत आलेला ओंडका किंवा जलपर्णीचा पुंजका त्यामुळे फसवत नाही.

आणि मुख्य गोष्ट: हे पूल स्वतःच बुडतात. पुलाच्या कठड्याला लावलेली पेटी पहिल्या महापुरात वाहून जाईल. काठावर पुराच्या खुणेपेक्षा उंच खांब असेल आणि त्याचा आडवा हात पाण्यावर येत असेल तरच अल्ट्रासॉनिक वापरा. खांबाची उंची ठरवताना २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते गावकऱ्यांना विचारा, घरांच्या भिंतींवरच्या खुणा ते दाखवतात. खांब शक्य नसेल तर तीन ठरलेल्या उंचींवर फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारे स्विच) बसवा. ते स्वस्त असतात, वीज जवळजवळ खात नाहीत, आणि गावाने विचारलेल्या तीन प्रश्नांना तीन स्विच पुरतात. मला विचाराल तर पहिल्या वर्षी फ्लोट स्विच मुख्य ठेवावेत आणि अल्ट्रासॉनिक जोडीला, पडताळणीसाठी.

मेंदू म्हणून ईएसपी३२ बोर्ड पुरेसा आहे. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि सेन्सरचा इको (परतीचा इशारा) ५ व्होल्टचा येऊ शकतो, म्हणून मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या दोन रेझिस्टरचा विभाजक लावा, पिनेवर ३.३ व्होल्ट येतात. निरोपासाठी स्वस्तातलं सिम८००एल मॉड्यूल फक्त २जीवर चालतं, त्यामुळे २जी सेवा नसलेल्या जिओचं सिम त्यात चालणार नाही. निरोप पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतं. पुरवठा कमजोर असला की मॉड्यूल पुन्हापुन्हा बंद-चालू होतं आणि मुलं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. त्याच्या पुरवठ्याच्या पिनांजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. बजेटमध्ये बसत असेल तर ४जी मॉड्यूलच घ्या. कुठलंही घेतलं तरी त्या पुलावर उभं राहून कोणत्या कंपनीची रेंज मिळते ते आधी मोबाईलवर पाहा. सीमेवर कधी पलीकडच्या महाराष्ट्रातल्या टॉवरची रेंज लागते.

बॅटरीचा हिशोब कागदावर करा. समजा यंत्र दर १५ मिनिटांनी ३० सेकंद जागं होतं आणि तेव्हा सरासरी १५० मिलिअँपिअर घेतं. १५ मिनिटांत ३० सेकंद म्हणजे तिसावा भाग, म्हणून सबंध वेळेची सरासरी ५ मिलिअँपिअर झाली. ईएसपी३२ ची चिप झोपेत अगदी थोडा प्रवाह घेते, पण तयार बोर्डावरचा रेग्युलेटर आणि यूएसबी चिप मिळून काही मिलिअँपिअर खातात, तेही ५ धरा. एकूण १०, म्हणजे दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास. आषाढात पाच दिवस ऊन पडलं नाही तर १२००. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून दुप्पट, साधारण २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि ५-६ वॅटचं सोलर पॅनेल. ही आकडेमोड प्रस्तावात जशीच्या तशी द्या. वाचणाऱ्याला लगेच कळतं की क्लबने विचार केला आहे.

निरोपाच्या भाषेचा प्रश्न या भागात टाळता येत नाही, आणि टाळूही नये. इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरी किंवा कन्नडमध्ये फक्त ७०. त्यात मात्रा आणि वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून मराठीचा एक आणि कन्नडचा एक असे दोन छोटे निरोप ठेवा: ‘पुलावर पाणी. जाऊ नका.’ एवढं पुरे. बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा असते, त्यामुळे निरोप निवडक पंधरा-वीस जणांनाच जाऊ द्या. पुढे गावाच्या ग्रुपवर टाकायचं काम ते करतात.

बजेट

दर दुकानागणिक बदलतात, म्हणून खालचे आकडे फक्त मांडणी समजण्यासाठी घ्या आणि प्रत्यक्षात किमान दोन ठिकाणची कोटेशन जोडा. जीएसटी धरून दर विचारा, बहुतेक सुट्या भागांवर तो १८ टक्के असतो.

एका संचाला सुमारे ५,००० रुपये. दोन संच करा, एक पुलापाशी आणि एक कॉलेजात बदलीसाठी: १०,०००. शिकताना जळणाऱ्या-तुटणाऱ्या भागांसाठी २,५००. हा खर्च लपवू नका, मुलं शिकणार म्हणजे काही भाग जळणारच. पीसीबी १,५००. खांबाचा हात, क्लॅम्प आणि गंजरोधक रंग २,०००. गावापर्यंतचा प्रवास २,०००. वर्षभराचा रिचार्ज २,४००. बेरीज २०,४००, त्यावर अडीअडचणीला १० टक्के, म्हणजे साधारण साडेबावीस हजार.

रिचार्ज आणि प्रवास या दोन ओळी बजेटमधून सगळ्यात आधी कापल्या जातात. यंत्र मरतं ते त्यामुळेच. कापायचंच असेल तर पीसीबी कापा, पहिला संच झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या तयार बोर्डावर) नीट सोल्डर केलेला चालतो.

पैसा कुठून

एकाच ठिकाणी पूर्ण रक्कम मागू नका. पहिले तीन-चार हजार क्लबच्या वर्गणीतून काढा आणि ब्रेडबोर्डवर बादलीतलं पाणी मोजून दाखवा. या दोन मिनिटांच्या व्हिडिओइतकं कोणतंही पत्र काम करत नाही.

त्यानंतर कॉलेजचा विभाग. मग कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषद. बेंगळुरूतली ही संस्था विद्यार्थी प्रकल्प योजनेतून अंतिम वर्षाच्या प्रकल्पांना अर्थसाहाय्य करते आणि अर्ज कॉलेजमार्फत जातो. क्लबला थेट अर्ज करता येत नसेल तर क्लबमधल्या अंतिम वर्षाच्या चौघांनी हाच विषय आपला प्रकल्प म्हणून घ्यावा, मार्गदर्शक प्राध्यापक क्लबचेच ठेवावेत. कॉलेजात आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेची विद्यार्थी शाखा असेल तर समाजोपयोगी प्रकल्पांसाठीच्या त्यांच्या एपिक्स उपक्रमाची माहितीही काढा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे जाताना क्लब एक गल्लत करतात: सरसकट सगळ्यांना सीएसआरचं (कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चाचं) पत्र देतात. कंपनी कायदा, २०१३ नुसार सीएसआरचं बंधन निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक तरी आकडा गाठणाऱ्या कंपन्यांनाच लागू होतं. फाउंड्री, मशीन शॉप आणि फॅब्रिकेशनचे बहुतेक छोटे कारखाने त्यात बसत नाहीत. त्यांच्याकडे पैसे मागण्याऐवजी काम मागा. खांबाचा हात वेल्ड करून द्या, पेटीला पावडर कोटिंग करून द्या, तासभर ड्रिल मशीन वापरू द्या. मालक स्वतः कारागिरीतून वर आलेला असेल तर तो ड्रॉइंग बघून चार सुधारणाही सुचवतो, आणि हे शिक्षण कुठल्याही निधीपेक्षा मोलाचं असतं. ड्रॉइंगवर मापं मिलिमीटरमध्ये, नीट लिहून न्या.

गावाकडून दूध संस्था, पतसंस्था आणि साखर कारखाना यांच्याकडे वर्षाच्या रिचार्जची आणि देखभालीची विनंती करा. रक्कम छोटी असते आणि यंत्राशी त्यांचं नातं जुळतं. पत्र एका पानाचं असावं: प्रश्न काय, आत्तापर्यंत काय केलं, किती हवं आणि त्यातून नेमकी कोणती वस्तू येईल, हिशोब कधी देणार. आलेला प्रत्येक रुपया कॉलेजच्या खात्यातून जाऊ द्या, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका. गणेश मंडळासारखं पावती पुस्तक ठेवा आणि महिन्याचा जमाखर्च विभागाच्या फलकावर लावा.

खरेदी

साधे रेझिस्टर, वायर, बॅटरी होल्डर बेळगावातच घ्या. मॉड्यूल ऑनलाइन मागवता येतात, पण कुणी पुण्याला जाणार असेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणि बेंगळुरूला जाणार असेल तर एसपी रोडवरून आणायच्या भागांची यादी आधीच देऊन ठेवा. आलेला प्रत्येक भाग त्याच आठवड्यात तपासा, बदलून मिळण्याची मुदत थोडी असते. जीएसटी बिल नसेल तर कॉलेज रक्कम परत करत नाही, हे खरेदीला जाणाऱ्याला पुन्हा सांगा.

बसवल्यानंतर

यंत्राने रोज सकाळी सातला ‘चालू आहे’ आणि बॅटरीचा व्होल्टेज असा एक निरोप क्लबच्या दोघांना पाठवलाच पाहिजे. तो आला नाही की त्याच दिवशी गावाला फोन करून यंत्र बंद असल्याचं सांगायचं. पेटीवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठी-कन्नडमध्ये ठळक लिहा की निरोप आला नाही म्हणजे पूल सुरक्षित आहे असं नाही, आणि प्रशासनाची सूचनाच अंतिम. यात तडजोड करू नका, इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

सिम कॉलेजच्या नावावर घ्या, विद्यार्थ्याच्या नावावर घेतलं तर तो पास होऊन गेल्यावर घोळ होतो. सर्किटचं चित्र, प्रोग्रॅम, बिलं, परवानगीची प्रत, गावातले संपर्क आणि कोणत्या दिवशी काय बिघडलं याची वही एका फाइलमध्ये ठेवा. सप्टेंबर संपला की दुसऱ्या वर्षाच्या दोघांना सोबत घेऊन पुलावर जा, पेटी त्यांच्या हाताने उघडायला लावा, पातळीची मोजणी त्यांना टेपने पडताळू द्या आणि फाइल तिथेच त्यांच्या ताब्यात द्या. पुढच्या वर्षाच्या रिचार्जचं पत्र दूध संस्थेला त्यांनीच लिहावं.