सॅडलबॅग घेताय? आधी सायलेन्सरची बाजू बघा

बाइकच्या मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणारी ही बॅग किती लिटरची आणि दिसते कशी एवढंच बघून लोक ऑर्डर टाकतात, पण खरी भानगड असते उजव्या बाजूला. क्लासिक 350 काय, पल्सर 150 काय, सायलेन्सर उजवीकडे आणि साडीगार्ड डावीकडे. म्हणजे डावी बॅग चाकात जाऊ नये याची सोय कंपनीनेच करून दिलीय (लुकसाठी गार्ड काढला असेल तर परत लावा राव, केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे मागचं चाक निम्मं तरी झाकणारं काहीतरी लागतंच). उजवीकडे मात्र काहीच नाही, बॅगचा तळ थेट गरम पाइपवर. त्यामुळे सॅडल स्टे (बॅगेला सायलेन्सर आणि चाकापासून लांब धरणारी लोखंडी फ्रेम) घ्याच, आपल्याच मॉडेलचा, आणि खाली हीट शिल्ड (उष्णता अडवणारा थर) असलेली बॅग घ्या.

लावताना मधले वेल्क्रोचे पट्टे मागच्या सीटखालून घ्या, वरून टाकले तर बॅगा एका बाजूला सरकत बसतात. सीटचं लॉक नीट बसलं का बघा, पट्टा जाड असला की बसत नाही. मग पुढचे-मागचे पट्टे ग्रॅब रेलला (मागे बसणारा धरतो तो दांडा) नाहीतर स्टेला, इंडिकेटरला चुकूनही नाही. उरलेली टोकं गुंडाळून टेप मारा, खाली चेन आहे, लोंबतं टोक आत गेलं की चाक जाम.

आता खरी परीक्षा. बॅगा भरा, दोघं बसा, आणि तिसऱ्याला बघायला सांगा की बॅग आणि सायलेन्सरमध्ये चार बोटं तरी जागा उरते का. रिकाम्या गाडीवर सगळंच छान दिसतं, पण खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की बॅग टेकते आणि वितळते. मागचे इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली नाही ना, तेही त्यालाच विचारा.

वजन दोन्हीकडे सारखं, जड सामान तळाशी आणि पुढच्या बाजूला. हवा मॅन्युअलमध्ये डबलसीटसाठी दिलीय तेवढी, प्रीलोड (मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण) एक-दोन खाचा वर.

पावसाळ्यात ताम्हिणीला जाणार असाल तर रेन कव्हरवर विसंबू नका, चाकाचं पाणी खालून उडतं. कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग बॅगेत.

निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर चहाला थांबाल तेव्हा सगळे पट्टे परत ओढा, सामान बसलं की ते सैल होतातच.