विकत घेतलेले संगीत संगणकावरून हातातल्या यंत्रात नेताना

साखळीहून चोर्ला घाटाने बेळगावला जाताना मोबाइलची रेंज मध्येच जाते आणि स्ट्रीमिंगवर लावलेला ख्याल विलंबितातच तुटतो. अशा वेळी पैसे मोजून विकत घेतलेली आणि यंत्रातच साठवलेली फाइल कामाला येते. मात्र स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणे म्हणजे अशी फाइल नव्हे. ते त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाही आणि वर्गणी संपली की तेही बंद होते. पुढील माहिती बँडकॅम्प, आयट्यून्स स्टोअर यांसारख्या ठिकाणी विकत घेऊन संगणकावर उतरवलेल्या फाइलींपुरती आहे. आयट्यून्सवर विकत घेतलेल्या गाण्यांना इतर यंत्रांवर वाजू न देणारे डिजिटल कुलूप असे, ते २००९ पासून निघाले. पण पोर्तुगालात किंवा इंग्लंडात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाने त्याआधी घेतलेल्या जुन्या फाइली तुमच्याकडे आल्या असतील आणि त्यांच्या नावाअखेरीस ‘एम४पी’ असेल, तर त्या इतर कंपन्यांच्या यंत्रांवर वाजणार नाहीत.

आधी जागेचा हिशेब करावा. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे न दाबलेले संगीत सुमारे ६३५ एमबी जागा घेते, फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न गमावता दाबलेल्या प्रकारात, तेच साधारणपणे निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत बसते आणि ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ मध्ये, म्हणजे थोडा तपशील गाळून दाबलेल्या प्रकारात, १४४ एमबीत मावते. व्हॉयेजर यानाबरोबर १९७७ साली अंतराळात गेलेले केसरबाई केरकरांचे भैरवीतले ध्वनिमुद्रण साडेतीन मिनिटांचे आहे. तेवढ्या लांबीची एमपी३ फाइल जेमतेम साडेआठ एमबीची होते. बँडकॅम्पवर विकत घेतलेला अल्बम उतरवताना फाइलीचा प्रकार निवडता येतो, तेथे फ्लॅक निवडावा, मूळ प्रत संगणकावर जपून ठेवावी आणि तिच्यावरून यंत्रासाठी एमपी३ तयार करावी. कदंबच्या बसमध्ये खिडकीशी बसून या दोहोंतला फरक ओळखण्याइतका माझा कान तयार नाही. उलट दिशेने, म्हणजे एमपी३ ची फ्लॅक करून, काहीच साधत नाही, कारण एकदा गळलेला तपशील परत येत नाही.

अल्बम बहुधा झिप फाइलीत येतो. ती संगणकावरच उलगडावी. तशीच फोनमध्ये टाकली तर संगीताच्या अ‍ॅपला आतली गाणी दिसत नाहीत.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळणारा पुढे पस्तावतो. प्रत्येक फाइलीत गायकाचे नाव, अल्बम आणि क्रमांक यांची नोंद असते, तिला टॅग म्हणतात, आणि फोन गाण्यांची मांडणी फाइलीच्या नावावरून नव्हे, तर मुख्यत्वे या टॅगवरून करतो. क्रमांक भरलेला नसेल तर बरीच अ‍ॅप्स गाणी अकारविल्हे लावतात, आणि मग ‘द्रुत’ हे ‘विलंबित’च्या आधी येऊन रागाची मांडणीच उलटी होते. गायिकेचे नाव एका फाइलीत देवनागरीत आणि दुसरीत रोमन लिपीत असले, तर फोनच्या लेखी त्या दोन वेगळ्या गायिका ठरतात. नाट्यपदांच्या संग्रहात प्रत्येक पदाचा गायक वेगळा असतो, म्हणून ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळीकडे एकच नोंद करावी. नाहीतर एका संग्रहाचे दहा तुकडे होतात. विंडोजवर एमपी३टॅग या मोफत प्रोग्रामने पूर्ण अल्बमच्या नोंदी एकदम दुरुस्त करता येतात. जुन्या प्लेअरवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत असतील, तर तेवढ्यापुरती रोमन लिपी पत्करावी.

अँड्रॉइड फोन असल्यास तो यूएसबी केबलने संगणकाला जोडावा, कुलूप उघडावे, वरून खाली ओढलेल्या सूचनापट्टीतील यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवावे आणि ‘चार्जिंग’ऐवजी ‘फाइल ट्रान्स्फर’ निवडावे. मग विंडोजमध्ये फोन एखाद्या ड्राइव्हसारखा दिसतो. त्यातील ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये अल्बमचे फोल्डर कॉपी करावेत. मॅकवर फोन असा आपोआप दिसत नाही, तेथे ओपनएमटीपीसारखा वेगळा प्रोग्राम लागतो. काहीच दिसत नसेल तर प्रथम केबलवर संशय घ्यावा. जत्रेत घेतलेल्या अशाच एका स्वस्त केबलने माझी अर्धी संध्याकाळ खाल्ली, कारण तिच्यातून फक्त वीज जात होती.

आयफोनची रीत निराळी आहे. २०१९ च्या कॅटलिनापासून पुढच्या मॅकवर हे काम फाइंडरमधून होते आणि विंडोजवर आयट्यून्समधून किंवा अ‍ॅपल डिव्हायसेस या अ‍ॅपमधून. गाणी आधी संगणकावरील संगीतसंग्रहात घ्यावीत, फोन जोडून ‘ट्रस्ट’ म्हणावे आणि हवे तेवढेच अल्बम निवडून सिंक करावेत, म्हणजे ते संग्रहातून फोनमध्ये उतरतात. हा संग्रह फ्लॅक स्वीकारत नाही. त्या फाइली अ‍ॅपल लॉसलेसमध्ये बदलाव्यात, त्यात दर्जा कमी होत नाही. मित्राच्या संगणकावर सिंक करताना मात्र सावध राहावे. फोनमधले आधीचे संगीत पुसून त्याच्या संग्रहातले भरू का, असा प्रश्न पडद्यावर येतो, आणि घाईत लोक ‘हो’ म्हणून बसतात.

वेगळा प्लेअर असेल तर गाणी मेमरी कार्डावर थेट कॉपी करता येतात. ३२ जीबीहून मोठी कार्डे बहुधा एक्सफॅट या फाइली मांडण्याच्या पद्धतीची असतात आणि जुने प्लेअर ती वाचत नाहीत, त्यामुळे कार्ड घेण्यापूर्वी प्लेअरची मर्यादा पाहून घ्यावी. कॉपी पूर्ण झाल्यावर कार्ड उपसून न काढता संगणकावर आधी ‘इजेक्ट’ करावे.

शेवटी फोन विमान मोडवर टाकून विलंबिताच्या अखेरची दोन मिनिटे ऐकावीत. तेथून द्रुत सुरू होताना तंबोरा क्षणभर तुटत असेल, तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ (दोन फाइलींमध्ये खंड न पाडणे) चालू करावे आणि ‘क्रॉसफेड’ (एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणे) बंद ठेवावे.